पुसलेली बाजू

"गेम पुसला कुणीतरी," तारामती म्हणाल्या आणि त्यांनी कॅसेट खासगी तपास करणाऱ्या दिपालीच्या हातात दिली.

कॉलेजात असताना, चाळीसेक वर्षांपूर्वी, त्यांनी निपाणीच्या याच घरात कॉम्प्युटरवर अंतराळयुद्धाचा गेम लिहिला होता. तेव्हा गेम गाण्यांसारखे कॅसेटवर साठवत. उद्या बेळगावला जुन्या कॉम्प्युटरांच्या प्रदर्शनात त्यांचा आणि थोरले बंधू बाबगोंडा यांचा जोडीनं सत्कार होता. 'आम्ही दोघांनी केला,' असं बाबगोंडा वर्षानुवर्षं सांगत आले होते. बहिणीनं ते कधी खोडलं नव्हतं.

दिपालीनं कॅसेट उजेडात धरली. चुकून रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून कडेच्या दोन्ही पाकळ्या, प्रत्येक बाजूची एक, मोडलेल्या होत्या. एका खाचेवर मात्र कोरी चिकटपट्टी होती.

"पट्टी तुमची?"

"न्हाय."

"पट्टीनं खाच झाकली की पुन्हा रेकॉर्डिंग होतं. म्हणजे मुद्दाम पुसलाय. आणि दुसरी बाजू?"

"तिथं दुसरी प्रत हाय, शाबूत. त्या प्रतीचं कुणाला बोलू नकोस. कुणी केलं तेवढं सांग. त्या माणसाशेजारी मी उद्या बसणार न्हाय."

शनिवारी रात्रीपर्यंत कॅसेट ठीक होती; रविवारी घरी तिघंच आले होते: बाबगोंडा, त्यांचा मुलगा आणि प्रदर्शनवाला ओमकार. दिपालीचा मामेभाऊ रवळू तिची गाडी चालवायचा, आणि निकालही आधीच द्यायचा.

"ओमकारच. त्यानं पण गेम लिहिलता म्हणं. पहिला मान त्याला पायजे."

"तू रस्त्याकडं बघ."

पिरनवाडीचा ओमकार प्रदर्शन भरवत होता. "कॅसेट नुसती काचेत ठेवणार होतो," तो म्हणाला. "शनिवारी जुना कॉम्प्युटर सुरू झाला. लगेच दोघांना फोन केला, लोकांसमोर गेम लावून समजावून सांगा म्हणून."

"टेप ऐन वेळी दगा देईल याची भीती नव्हती?"

"एक बाजू गेली तर दुसरी. आम्ही सगळेच दोन्हीकडं एकेक प्रत ठेवायचो."

बाबगोंडांचा मुलगा अरिहंत मोबाइलवरून मान वर न करता बोलला. "भंगार गेम. गोळी लागली तरी यान फुटायचं न्हाय, वळून घरी जायचं. आत्याला मारलेलं चालत न्हाय ना. आणि लोड झालं न्हाय की कॅसेट उलटी करून परत लावायची. लई कंटाळा."

बाबगोंडांच्या पेढीवर सत्काराचे इतके फोटो होते, की कॅलेंडरला जागा उरली नव्हती. अहिंसेवर बरंच बोलून झाल्यावर ते गेमकडे वळले. "अर्धं डोकं माझं हो त्यात. शत्रूची यानं धडाधड फुटायची. ठिणग्या काय, आवाज काय. आता टेपच जुनी. दमट हवेनं गेली असंल."

संध्याकाळी दिपालीनं तिघांना तारामतींकडे बोलावलं.

"हवा चिकटपट्टी लावत नाही," ती म्हणाली. "पुसणाऱ्यानं एकाच खाचेवर पट्टी लावली, एकच बाजू पुसली. दुसरीकडं प्रत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. ओमकारला ते ठाऊक होतं. अरिहंत लहानपणी कॅसेट उलटी करायचा. राहिलं कोण?"

"पण बाबगोंडाअण्णांचा तर सत्कार होता," रवळू म्हणाला.

"नुसता सत्कार होता तोवर कॅसेट सुरक्षित होती. शनिवारी गेम समजावून सांगायची वेळ आली, रविवारी ती पुसली. या गेममध्ये एकही यान फुटत नाही, बाबगोंडा. बहिणीचा गेम तुम्ही एकदा तरी पाहायचा होता. थाप निदान नीट मारता आली असती."

अरिहंतनं मोबाइल खिशात ठेवला.

"घरातलंच नाव मोठं व्हावं म्हणून..." बाबगोंडा पुटपुटले.

दिपालीला कीव आली नाही. चोरी करायची तर तीही या माणसाला अर्धीच जमली होती.

तारामतींनी कॅसेट ओमकारला दिली. "उद्या खुर्ची एकच मांड."

"मी काय सांगू लोकांस्नी?" बाबगोंडांनी विचारलं. मग ते बहिणीकडं वळले. घसा खाकरून ते म्हणाले, "जरा पाणी दे गं."

"माठ तिकडं हाय, अण्णा," तारामती म्हणाल्या. "हातानं घे."