साठ पवनचक्क्या कुणी थांबवल्या?

"आपल्याच माणसानं घात केला, मॅडम," सोपानराव म्हणाले.

चाकणच्या त्यांच्या कंपनीतून दूर समुद्रातल्या साठ पवनचक्क्यांवर देखरेख चाले. मंगळवारी दुपारी तीनला त्या साठही एकदम थांबल्या. हुकूम ऑपरेटर रिझवानच्या नावावरून गेला होता. त्याला निलंबित केलं होतं.

"बाहेरून कुणी घुसलं असेल?" खासगी गुप्तहेर स्वप्नालीनं विचारलं.

"शक्यच नाही. यंत्रणा बाहेरच्या इंटरनेटला जोडलेलीच नाही. या खोलीत आल्याशिवाय कुणाला काही करता येत नाही."

तिचे सहकारी भिमाजी, निवृत्त हवालदार, सोमवार-मंगळवारच्या वाऱ्याच्या नोंदी चाळत होते. "एकच कागद दोनदा छापलाय," ते कुरकुरले. "तारीख तेवढी वेगळी."

स्वप्नालीनं मंगळवारी कामावर असलेल्या तिघांना एकेक करून बोलावलं.

रिझवाननं मान खाली घातली. "चहाला गेलो होतो. स्क्रीन उघडी राहिली."

"हुकूम तुम्ही दिलात?"

"माझ्या नावानं गेला, म्हणजे जबाबदार मीच."

यंत्रणा सांभाळणारा रविराज मोकळेपणानं बोलला. "मंगळवारी वारा मंद होता, स्क्रीनवर मी स्वतः पाहिला. सोमवारी? हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कोण अडकणार. यंत्रणेचं काम घरूनच केलं."

नवीन लागलेली जिकरा ओढणीचं टोक पिळत होती. "मी फक्त दुरुस्तीच्या बोटीशी फोनवर बोलते. त्या वेळीही बोलत होते. वाऱ्याच्या आवाजात नीट ऐकू येईना. चक्क्या चालवायची मला परवानगी नाही."

"रिझवान चोर वाटत न्हाई," भिमाजी पुटपुटले.

"चोर नाहीच, काका. बोलवा सगळ्यांना."

सगळे जमल्यावर तिनं दोन्ही कागद टेबलावर ठेवले. "दोन दिवसांचा वारा आकड्याआकड्याला सारखा? कागद चुकून छापलेला नाही. मंगळवारी घुसखोरांनी स्क्रीनवर सोमवारचाच वारा दाखवला आणि खरं वादळ लपवलं. चक्क्या कुणी थांबवू नयेत, फिरत राहून मोडाव्यात म्हणून."

"पण घुसले कुठून?" सोपानराव म्हणाले.

"यंत्रणा बाहेर जोडलेली नाही, तर रविराजनी घरून काम केलं कसं?"

रविराजचा चेहरा उतरला. "ये-जा वाचावी म्हणून इंटरनेटवरून एक वाट उघडून ठेवली होती. तिथून दुसरं कुणी येईल असं वाटलं नाही."

"मग थांबवल्या कुणी?" सोपानरावांनी विचारलं.

"स्क्रीन खोटं बोलत होती. खरा वारा या खोलीत एकाच कानाला ऐकू येत होता."

जिकराचे डोळे भरले. "पाती सुटून अंगावर येतील म्हणून बोटीचे तांडेल ओरडत होते. रिझवानभाई जागेवर नव्हते, मी त्यांच्या स्क्रीनवरून चक्क्या बंद केल्या. सांगणारच होते, भाईंनी अडवलं."

"तिला अजून कायम केलेलं नाही, साहेब," रिझवान म्हणाला. "घरात कमावणारी ती एकटीच."

तीस वर्षांच्या हवालदारीत, तपासाच्या शेवटी ज्याचे आभार मानावेत असा माणूस भिमाजींना कधी सापडला नव्हता. इथं दोघं सापडले.

सोपानराव उठले. आधी त्यांनी रिझवानचे दोन्ही हात हातात घेतले. मग बोटीला फोन लावून तो जिकराच्या हाती दिला.

पलीकडून तांडेलांचा कोकणी हेलातला आवाज आला, "पोरी, आमी अकराही जण सुखरूप आहोत गो."

"जेवलात का सगळे?" जिकरानं विचारलं. तिला दुसरं काही सुचलंच नाही.