पाच हिरवी बटणं

"गोंधळ मिळेल का हो तुमच्याकडे?"

नुरझातनं मान वर केली. काराकोल गावच्या बाजारात सकाळपासून बर्फ आणि पाऊस एकत्रच पडत होता. गिऱ्हाईक म्हणून चिटपाखरू नव्हतं, आणि तिच्या बटणांच्या टपरीपुढं हा उभा... उंच, दाढी वाढलेला, टोपीवरून पाणी गळणारा.

"काय मिळेल का?"

"गोंधळ. म्हणजे मिसळलेली बटणं. सगळ्या रंगांची, सगळ्या मापांची."

"सगळं जग एकसारखी बटणं मागतं, बाइके," थोरल्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली. "कचरा मागणारे तुम्हीच पहिले."

तो हसला, पण बऱ्याच दिवसांत हसला नसावा, मध्येच अडखळला. "मुलीसाठी हवीत. शुक्रवारी तिला सहावं लागेल. बाहुली दिली तर ती उंचीप्रमाणं भिंतीशी उभी करते आणि खेळायचं विसरते. चमचे, बटाटे, दिसेल ते रांगेत. आई गेल्यापासून तर फारच. दाराशी सगळ्यांचे बूट ओळीत लावते, आणि मध्ये आईच्या बुटांची जागा मोकळी ठेवते. तिथं चुकून कुणी बूट काढले तर..."

नुरझातची जीभ एरवी तिखट, पण आता ती नुसती खाली वाकली. फळीखाली एक बरणी होती. जुन्या कपड्यांवरून कापलेली बटणं ती त्यात टाकत असे. तीच तिनं पुढं सरकवली. सरळ सांगायचं तर त्याच दिवशी तो तिला आवडला, आणि आवडला म्हणून स्वतःचाच रागही आला.

आठवड्यानं तो पुन्हा हजर.

"तुमचा गोंधळ फारच कच्चा निघाला. एका संध्याकाळीत संपला!"

"एवढी बरणी?"

"आधी रंग वेगळे केले, मग दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. मी सुतार माणूस, कप्प्यांची पेटी करून दिली, तर म्हणाली, बाबा, कप्पे कमी आहेत." त्याच्या आवाजात कौतुक होतं. मग तो हळूच म्हणाला, "फक्त पाच हिरवी बटणं पेटीत घालत नाही. उशीखाली ठेवलीत. कुणाला हात लावू देत नाही."

नुरझातचा हात नकळत स्वतःच्या कोटाकडं गेला. काळा कोट, काळी बटणं. बटणं तिनंच बदलली होती, आणि कोट पूर्वी तपकिरी होता. त्यावर पाच हिरवी बटणं होती, तीही त्या बरणीतच गेली होती.

त्या संध्याकाळी तिनं आईला विचारलं, "आपा, हा कोट कुणाचा?"

आपा गावातल्या मयत बायकांना अंघोळ घालायची. अंघोळ घालणारीला मयताचे कपडे मिळतात, ती रीतच आहे. म्हातारीचे असले तर लोक आनंदानं घालतात. तरुण बाईचे कुणी अंगाला लावत नाही. पण नुरझातकडं दुसरा कोट नव्हता, म्हणून आपानं तो काळा रंगवून दिला होता.

"तालाय सुताराच्या बायकोचा," आपा म्हणाली. "बाळंतपणात गेली बिचारी, बाळही गेलं. का गं? मानानं दिलाय, चोरून नाही आणला."

नुरझातनं कोट काढून बोचक्यात बांधला. दुसऱ्या दिवशी ती नुसत्या स्वेटरवर टपरीत बसली.

तालाय येत राहिला. कधी मिसळलेले मणी नेले, कधी दोऱ्यांचे तुकडे. लेकीसाठी, मीरीमसाठी, भेट निवडायला त्याला आता फार वेळ लागायचा.

"हा निळा आणि हा निळा, यात फरक आहे का?"

"तुम्हाला दिसत नसेल. तुमच्या लेकीला दिसेल, बाइके."

"बाइके म्हणत जाऊ नका."

"मग काय म्हणू? काका?"

"काहीच म्हणू नका... नुसतं बघितलंत तरी कळतं मला."

नुरझातचे कान तापले. एवढ्या थंडीत तेवढीच ऊब.

"कोट कुठाय तुझा?" त्यानं एकदा विचारलं. तो 'तू'वर कधी आला, दोघांनाही कळलं नव्हतं. "गारठून मरशील."

"फाटला," ती म्हणाली. त्यानं गरम चहाचा पेला तिच्या हातात दिला आणि लगेच सोडला नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत तिनं अख्खा हिवाळा घालवला. सांगितलं तर हा यायचा थांबेल, एवढीच भीती. त्या भीतीनं ती रात्र रात्र जागी राहायची.

बर्फ वितळू लागलं तेव्हा तो हात चोळत म्हणाला, "परवा मीरीमच्या आईच्या वर्षाचं जेवण घातलं. आता लोकांना बोलायला जागा नाही. घरी येशील? मीरीमला बघायला... आणि मला."

ती गेली. हातात बोचकं होतं.

दारातच तिनं ते सोडून कोट पुढं धरला. "आधी हे बघ."

तालायनं कोट उलटला. आतलं अस्तर तपकिरीच राहिलं होतं, आणि खिशाजवळ एक वेडंवाकडं ठिगळ होतं. ते त्यानंच कधीतरी बायकोला हसवत लावलं होतं. तो उंबऱ्यावर बसला.

"हा घालून बोलत होतीस माझ्याशी?"

"पहिल्या दोन वेळा. तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं आणि... गप्प बसले. तू यायचा थांबशील म्हणून."

तो ठिगळावरून अंगठा फिरवत राहिला, तिच्याकडं बघितलं नाही. नुरझातला वाटलं, संपलं.

आतून मीरीम आली. तिनं कोट बघितला, परत गेली आणि मूठ आवळून आली. एकेक हिरवं बटण एकेका काळ्या बटणाशेजारी ठेवलं. पाचही. मग कोटात नाक खुपसलं.

"आईचा वास नाही."

"नाही, बाळा. आम्ही धुतला. रंगवला."

मीरीमनं तिच्याकडं नीट बघितलं. "शिवता येतात तुला?"

"येतात."

"मग आत ये. बूट काढ."

नुरझातनं बूट काढले आणि तसेच हातात धरून उभी राहिली. कुठं ठेवावेत? रांगेत बाबांचे मोठे बूट, मग मोकळी जागा, मग मीरीमचे इवलेसे.

मीरीमनं बूट तिच्या हातातून घेतले. मोकळ्या जागेकडं बघितलं. मग वाकून ते स्वतःच्या बुटांच्या पलीकडं, रांगेच्या टोकाला लावले, टाचेला टाच नीट जुळवून.

"ती आईची जागा," ती म्हणाली. "ही तुझी."

नुरझातला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही. "वेळ लागेल," ती तालायला म्हणाली. "पाच बटणं आहेत."

"लागू दे," तो म्हणाला. त्याची नजर अजून कोटावरच होती, पण बाहेरचं वारं आत येत होतं, म्हणून त्यानं उठून दार लावून घेतलं.