एकटीची पगारवाढ

"धर ते टोक," ती म्हणाली आणि मागे वळून न बघताच ओल्या चादरीचे दोन कोपरे कुणाच्या तरी हातात कोंबले.

हात मावशीचे नव्हते. मावशी ही तिची जोडीदारीण, लाँड्रीतली सगळ्यात जुनी बाई. ती शिंका द्यायला बाहेर गेली होती, आणि तिच्या जागी एक उंच, गोंधळलेला माणूस उभा होता. काखेत मळक्या टेबलक्लॉथचं गाठोडं. समोर नवं कॉफीचं दुकान निघालं होतं, त्याचा हा मालक.

"गाठोडं ठेवा की खाली," ती म्हणाली. "आणि या माझ्याकडे चालत."

"लगेच?"

मागे इस्त्रीवरच्या बायका खुसखुसल्या.

हॉटेलांच्या चादरींची घडी एकट्याने होत नाही. ताणायची, झटकायची, समोरासमोर चालत यायचं आणि कोपऱ्याला कोपरा द्यायचा. त्या चालण्याचाही एक ठेका असतो. त्याचा ठेका चुकला आणि तो आला तो थेट तिच्या नाकासमोर येऊन थांबला. चादर दोघांच्या पायांत गोळा झाली. वाफेने त्याचा चष्मा पांढरा झाला होता, त्यामुळे त्याला काहीच दिसत नव्हतं. तिला मात्र त्याच्या हनुवटीवरचा दाढी करताना झालेला ओरखडासुद्धा दिसत होता... आणि बघणं थांबवता येत नव्हतं.

"मामा म्हणाला, इथे लगेच धुऊन मिळतं."

"कोण मामा?"

"तुमचे मालक. सख्खा मामा माझा. दुकानाची जागाही त्याचीच."

तिने चादर हिसकावून घेतली. "मग मामालाच द्या गाठोडं."

पण त्यानंतर त्याचे टेबलक्लॉथ फारच वरचेवर मळायला लागले. एकदा तिने पाचही पसरून बघितले आणि त्याच्यासमोर धरले.

"पाचही टेबलांवर गिऱ्हाइकं अगदी एकाच जागी कॉफी सांडतात?"

तो कानापर्यंत लाल झाला. "गिऱ्हाइकं... शिस्तीची आहेत."

"ओतताना जरा मन तरी लावायचं," ती म्हणाली आणि हसली. त्या दिवसापासून ती त्याला 'तू' म्हणायला लागली. मावशीलाही रोज नेमक्या त्याच वेळी शिंका यायला लागल्या.

सगळं असं छान चाललं असताना किमान वेतनाचा विषय निघाला. शहरात सगळीकडे कामाचा किमान पगार वाढवायचा प्रस्ताव आला आणि त्यावर नगर सभागृहात जाहीर सुनावणी ठरली. लाँड्रीतून कोण बोलणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. बायका तिला उगाच 'वकीलबाई' म्हणत नव्हत्या. मालकांनी मात्र सगळ्यांना ऐकवलं की कायदा झाला तर घड्या घालायचं मशीन आणतो, मग बसा घरी.

"तू बोलणार म्हणे," चादरीच्या पलीकडून तो म्हणाला. आता त्याला ठेका जमत होता.

"हो. आणि तू?"

"व्यापारी मंडळाने मला सांगितलंय. विरोधात."

तिने चादर इतक्या जोरात झटकली की तो पुढे ओढला गेला.

"मामाने शिकवलं?"

"नाही. मलाच भीती वाटते. माझ्याकडे दोघं कामाला आहेत. पगार वाढवला तर एकालाच ठेवता येईल. कुणाला काढू, सांग."

"तुझ्या दुकानात आमच्यातली एक तरी कधी बसलीये? दिवसभर तुझ्या कॉफीचा नुसता वास घेतो आम्ही. हातात चार पैसे आले तर काय जमिनीत पुरणार आहोत? याच रस्त्यावर खर्च होतील."

"आणि मला कॉफीच महाग करावी लागली तर?"

तिने चादर उगाचच पुन्हा झटकली. त्याने जिंकल्याचा आव आणला नाही, कोपरे जुळवून नुसता उभा राहिला. हे तिला आवडलं, आणि आवडलं म्हणूनच तिचं डोकं फिरलं.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी तो तिच्या घरी आला. दारातच उभा राहिला, चपला काढू की नको अशा विचारात.

"मामा तुझा पगार वाढवायला तयार आहे. प्रस्तावात आहे त्याहून जास्त. फक्त उद्या..."

"गप्प बसायचं."

"हो."

"वाढ मला एकटीलाच? मावशीला नाही?"

"तुला एकटीलाच," तो म्हणाला. "मला वाटलं, तुझी नोकरी तरी वाचेल."

"मामाने विचारलं ते ठीक आहे, त्याचा धंदा आहे. पण तू निरोप आणलास?" तिचा आवाज चिरकला, त्याचाच तिला राग आला. "जा तू."

आतून आईने सगळं ऐकलं होतं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "घे की मुकाट्याने. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"मासा कसला, आई? घाम गाळून पाणी आम्हीच भरतो. त्याला वाटतं, तळं त्याचं."

तरी त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली. नोकरीसाठी नाही. त्याच्यासाठी.

सुनावणीला सभागृह खच्चून भरलं होतं. मालक आधी बोलले, "छदामही जास्त द्यायची ऐपत नाही हो आमची." टाळ्या पडल्या. मग तिचं नाव पुकारलं गेलं. पाठ करून आणलेलं सगळं ती विसरली. पुढच्या रांगेत तो बसला होता, हातात मंडळाचं भाषण.

"वाढीने दुकानं बुडतील की चालतील, मला नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "पण ऐपत नाही हे खोटं आहे. काल मला एकटीला वाढ मिळत होती, आज इथे न येण्यासाठी. तोंड बंद करायला पैसे आहेत, मग कामाचे द्यायला का नाहीत?"

"थापा मारते," मालक उठले. "आहे का कुणी साक्षीला?"

सभागृहात कुजबुज झाली. तिने मान ताठ ठेवली. इतक्यात पुढच्या रांगेतली खुर्ची सरकली.

"निरोप मीच नेला होता," तो म्हणाला. भाषणाचे कागद त्याने खिशात कोंबले. "मी अजूनही वाढीच्या विरोधात आहे. मला माझ्या दुकानाची भीती वाटते. पण ती खरं बोलतेय. आणि निरोप नेला, याची मला लाज वाटते."

"घरभेद्या!" मालक ओरडले. "जागा खाली कर माझी." मग ते तिच्याकडे वळले. "आणि तू, उद्यापासून येऊ नकोस."

"येणार," ती म्हणाली. "हाकलायचं तर सगळ्यांसमोर हाकला."

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. ती मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर लाँड्रीच्या दारात हजर होती. मालक उंबरठ्यात आडवे उभे. ती हलली नाही. मावशी येऊन तिच्या शेजारी उभी राहिली, मग इस्त्रीवाल्या, मग धुलाईवाल्या. रस्त्यावर हॉटेलची गाडी हॉर्न वाजवत होती.

"एकतर सगळ्या आत, नाहीतर सगळ्या बाहेर," मावशी म्हणाली. "मशीन येईपर्यंत चादरींच्या घड्या तुम्हीच घाला, मालक. दुसरं टोक धरायला बघा कुणी मिळतंय का."

मालकांनी गाडीकडे बघितलं, बायकांकडे बघितलं आणि पुटपुटत बाजूला झाले. बायका आत शिरल्या. ती वळली, कारण समोर तो दुकानातल्या खुर्च्या बाहेर काढत होता. ती रस्ता ओलांडून गेली.

"गेली जागा?"

"गेली. बाजारामागे एक खोली बघितलीये. दोन टेबलं कशीबशी मावतील."

"माझ्यामुळे."

"माझ्यामुळे," तो म्हणाला. खुर्ची खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. "एक विचारायचं होतं. पण आधीच सांगतो... माझं मत बदललेलं नाही. पुढच्या बैठकीतही मी विरोधातच बोलणार."

"बोल. मी तुझा एकही मुद्दा टिकू देणार नाही."

"माहीत आहे." त्याने श्वास घेतला. "लग्न करशील माझ्याशी?"

गाडीवाल्याने हॉर्न थांबवला. लाँड्रीच्या खिडकीत बायकांची डोकी दाटली होती.

"करीन," ती म्हणाली. "होला हो करणारा नवरा मला नकोच होता."

मालक अजून उंबरठ्यातच उभे होते. ते बघतायत हे तिला दिसत होतं. तिने भर रस्त्यात त्याचा हात धरला, आणि मालकांनी मान फिरवली तरी सोडला नाही.