बर्टचा हात

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगच्या त्या प्रयोगशाळेत सकाळी आलं की चहा टाकण्याआधी सगळे बर्टशी हात मिळवत. बर्ट म्हणजे कोणी माणूस नव्हे, काचेची एक बंद पेटी. लिथियमला साधी हवा सोसत नाही, म्हणून आत नुसता आर्गॉन वायू भरलेला. बाहेरून हात घालून आत काम करता यावं म्हणून पेटीला काळ्या रबराचे दोन लांब हातमोजे होते. आतल्या दाबाने ते कायम बाहेर फुगलेले असायचे, खोलीत शिरणाऱ्यापुढे हात केल्यासारखे. तंत्रज्ञ नेव्ह टकवेल त्यातला उजवा हात रोज हलवायचा. "काय बर्टराव, झोप झाली का?"

डॉ. मेरिडिथ पॅस्को तेवढी या प्रकारात नव्हती. "रबराशी हात मिळवायला मी डॉक्टरेट घेतली नाही," असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

त्या आठवड्यात तर मेरिडिथला थट्टा नकोच होती. शुक्रवारी दक्षिण ध्रुवावरच्या हवामान केंद्रांची माणसं येणार होती. त्यांना अशी बॅटरी हवी होती, जिच्या पोटात सांडायला द्रव नाही, फक्त पॉलिमरचा पातळ पडदा आहे, आणि त्यातून लिथियमचे आयन उणे चाळीसच्या थंडीतही ये-जा करतात आणि यंत्रांजवळच्या अधिक ऐंशीच्या तापातही. मेरिडिथचा पडदा गरमीत शहाण्यासारखा वागे आणि थंडीत तुपासारखा थिजे. थंडीसाठी मऊ करावा, तर गरमीत लोळण घेई.

शुक्रवारी जमलं नाही तर प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं. नेव्ह मेव्हण्याच्या कॅरव्हान पार्कात संडास घासायला जाणार होता, असं तोच येताजाता ऐकवे. मेरिडिथला जायला तेवढीही जागा नव्हती. नवरा केव्हाच पर्थला निघून गेला होता. त्याची अंगठी ती नुसती सवयीने घालायची, आणि मोजा फाटू नये म्हणून पेटीत हात घालण्याआधी काढून बशीत ठेवायची.

मंगळवारी नेव्ह म्हणाला, "आज बर्टची पकड घट्ट आहे हं."

"दाब वाढला असेल."

तिने जाऊन काटा पाहिला. कालच्याच जागी होता.

बुधवारी पेटीतल्या तबकात एक पडदा पडलेला दिसला. तिचे पडदे दुधट असत, हा पाण्यासारखा नितळ होता. तिने त्याची छोटी बॅटरी करून शीतपेटीत ठेवली. उणे चाळीसला ती बिनतक्रार चालली. मग भट्टीत ठेवली, तिथेही चालली. मेरिडिथला आनंद झाला, आणि त्याहून जास्त राग आला.

"नेव्ह, हा तू केलास?"

"माझ्या हातचा टोस्टसुद्धा करपतो, बाई."

"मग कोणी? किल्ली आपल्या दोघांकडेच आहे."

नेव्हने हातमोज्यांकडे पाहिलं. "इतकी वर्षं तू त्याला हात दिला नाहीस, तरी बिचाऱ्याने तुझं काम केलं. असा नवरा शोधून मिळायचा नाही."

"गप बस आणि मटण पॅटिस घेऊन ये."

तो पॅटिस आणायला गेल्यावर तिने दार लोटलं, उजवा मोजा धरला आणि घाईघाईने हलवला. "आभारी आहे," ती पुटपुटली. मोजा कोमट होता. उन्हाने तापला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. त्या खोलीला खिडकी नव्हती.

शुक्रवारी ध्रुवावरचे साहेब आले. त्यांच्यातले दाढीवाले हॅलोरन आकडे बघून खूश झाले. "उत्तम. आता आमच्यासमोर एक पडदा करून दाखवा."

मेरिडिथने अंगठी बशीत ठेवली आणि मोज्यांत हात घालायला गेली.

मोजे मागे हटेनात. तिने जोर लावला. कोणीतरी आतून तेवढाच जोर लावत होतं.

"त्याला नीट सांग ना," नेव्ह कानात कुजबुजला.

साहेब बघत होते. लाजेने तिचे कान तापले.

"बर्ट," ती हळूच म्हणाली, "सरक जरा."

मोजे सरकले.

मग तिचे हात कामाला लागले. मीठ किती, विरघळवायचं किती, पातं कुठल्या कोनात ओढायचं, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. बोटांना ठाऊक होतं. ती नुसती बघत राहिली.

पडदा नितळ उतरला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तीन वर्षांच्या करारावर लगेच सह्या झाल्या, आणि मंडळी चहाला गेली.

तिने हात ओढून घेतले. उजवा सहज निघाला. डावा थोडा वेळ सुटला नाही.

बशी रिकामी होती.

"नेव्ह, माझी अंगठी?"

नेव्ह पेटीकडे बघत होता. मोजे नेहमीसारखे बाहेर फुगून आले होते. डाव्याच्या अनामिकेवर, रबराच्या आतल्या बाजूने, अंगठीएवढा एक बारीक गोल वळ उठला होता.

नेव्हने थट्टा केली नाही.