बीट निघाल्यावरचं पाणी

मे महिन्यात पाटाच्या गाळात माझा गमबूट रुतला. तोरूनं तो ओढून काढला खरा... पण आत माझा पाय नव्हता. मी बांधावर एका पायावर डुगडुगत उभी.

"हा घ्या बूट. पाय तुमच्याकडेच आहे ना?" तो म्हणाला. मेला हसलासुद्धा नाही.

तोरू आमच्या भागाचा पाटकरी. पाणी हवं असलं की आदल्या दिवशी त्याला फोन करायचा, मग तो येऊन पाटाचं शेताकडचं दार उघडणार. अल्बर्टाच्या या कोरड्या माळावर पाटाशिवाय साखरेचं बीट पिकत नाही. उन्हाळाभर तो यायचा, दाराचं चाक फिरवायचा आणि उगाच रेंगाळायचा. मीही उगाच कॉफी घेऊन जायचे. बोलायचो मात्र फक्त वाऱ्याबद्दल.

ऑक्टोबरात बीट निघालं. परवा पाट बंद होणार आणि तोरू थेट मेपर्यंत उत्तरेला, तेलविहिरींच्या कॅम्पवर कामाला जाणार. मला चैन पडेना. शेवटी फोन उचलला आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी तो आला. रिकाम्या शेताकडे बघतच राहिला.

"फेम्के, इथे पाणी कुणाला पाजायचंय? उंदरांना?"

"तळ्याला," मी ठोकून दिलं. शेताच्या टोकाला आमचं गुडघाभर पाण्याचं तळं. उरलंसुरलं पाणी तिथेच जातं. "हंस उतरलेत. त्यांना पुरेल की नाही, म्हणून..."

"बाबांना विचारलंस?"

"ते म्हणतील, पोरीचं डोकं फिरलंय."

"फिरलंय का?"

"हो," मी म्हणाले. "तू यावंस म्हणून बोलावलं. उद्यापासून बोलवायला निमित्तच उरणार नाही—"

त्यानं टोपी काढली. कान लाल झाले होते.

"तुमचं दार जूनपासून ऑफिसातल्या बटणावर उघडतं," तो हळूच म्हणाला. "मला यायची गरजच नव्हती."

"मग ते चाक फिरवणं?"

"नाटक."

"आणि मी इतकी कॉफी पाजली."

"पांचट असायची. तरी येत होतो."

त्यानं ऑफिसात फोन केला. पाणी सुटलं, खळखळत तळ्याकडे निघालं. पांढरे हंस जरा बाजूला सरकले. तोरू माझ्या शेजारी बांधावर बसला, अगदी खांद्याला खांदा लागेल इतका.

"उत्तरेला नाही गेलो तर?" तो म्हणाला. "साखर कारखान्यात हिवाळाभर माणसं लागतात."

"तर आज जेवायला ये. बाबा विचारतीलच, बीट निघाल्यावर पाणी कशाला घेतलं म्हणून."

"मग काय सांगशील?"

"मी नाही," मी म्हणाले. "तू सांगायचंस."