पांढरा सोडून

“दूध नासलंय वाटतं तुझं,” लेक दारातूनच म्हणाली. चित्रासमोर बसलेली आई मान न वळवता हसली.

“नासलेलं नाही, संध्याकाळचं आहे. संध्याकाळी दूध असंच दिसतं. तू कधी नीट बघितलंस?”

लाकडी फळीवर रंगवलेलं ते पातेल्यातलं दूध खरोखरच पिवळट-करडं होतं, आणि त्याच्या मधोमध, जिथे उजेड चमकायला हवा तिथे, आईने काहीच रंगवलं नव्हतं. नुसतं लाकूड तसंच सोडून दिलं होतं. तिच्या प्रत्येक चित्रात हे असंच असायचं. ढग गुलाबी, बर्फ निळा, चादरी लाकडाच्या... पांढरा रंग म्हणून शोधून सापडायचा नाही.

रविवार होता. लेक दर रविवारी यायची, फळं आणायची, मांडीवर पर्स ठेवून खुर्चीच्या कडेला बसायची, औषधं घेतलीस का विचारायची आणि तासाभराने उठायची. दोघींचं भांडण असं कधीच झालं नव्हतं. भांडायला जी जवळीक लागते तीच नव्हती.

“आलीच आहेस तर सही करून दे,” आई म्हणाली. “हात थरथरतो माझा. माझ्याच नावाची कर, तुझी नको. उगाच लोक म्हणतील पोरगी सुधारली, चित्रं काढायला लागली.”

लेकीलाही हसू आलं. तिने बारीक कुंचला उचलला. त्याचे केस विस्कटले होते, म्हणून टोक आणायला तिने तो नकळत ओठांकडे नेला... आणि आईचा हात सपकन तिच्या मनगटावर बसला. कुंचला उडून भिंतीवर आपटला.

“तोंडात घालायचा नाही!”

पन्नाशीला टेकलेल्या बाईला आईने मारलं होतं. लेकीचे कान तापले. आवाज मात्र तिने नेहमीसारखा खालीच ठेवला. “मी लहान नाही आई. आणि लहान होते तेव्हा तू नव्हतीस.”

आई वाकली, जमिनीवरचा कुंचला उचलला, फडक्याला पुसत राहिली. मग म्हणाली, “हो. नव्हते खरी.”

लेकीने पर्स उचलली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारणीचा फोन आला. आई खुर्चीतच गेली होती.

लेक रडली नाही. जे करायचं ते तिने व्यवस्थित केलं, आलेल्यांना पाणी दिलं, मावशीला धरून घरी पोचवलं आणि आठवड्याने पुन्हा कामावर रुजू झाली. एका प्रकाशनसंस्थेत ती मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांची वाक्यं सरळ करण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. त्यामुळे कलादालनाच्या व्यवस्थापकाने आईच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन ठरवलं तेव्हा पुस्तिकेचं मुद्रितही तिच्याकडेच पाठवलं. “शुद्धलेखन तेवढं बघा,” तो फोनवर म्हणाला, “बाकी लेख फार उत्तम उतरलाय.”

लेख एका नामांकित समीक्षकाचा होता. तिने पेन्सिल घेतली आणि वाचायला बसली. लाल म्हणजे वासना, निळा म्हणजे एकांत, असं करत करत समीक्षक पांढऱ्यापाशी आला. ‘पांढरा हा दुधाचा, म्हणजेच मातृत्वाचा रंग,’ त्याने लिहिलं होतं, ‘आणि या चित्रकर्तीने तो आपल्या कलेतून आणि आयुष्यातूनही हद्दपार केला. पती लवकर गेल्यावर एकुलती मुलगी तिने बहिणीच्या स्वाधीन केली. का, असं मी विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, मला काम करायचं होतं.’

एकही चूक नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ जिथल्या तिथे. लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं जे तिने स्वतःलाही कधी स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं, ते आईने एका परक्या माणसाला चहा पिता पिता सांगून टाकलं होतं! आणि आता ते छापून येणार, लोक ते वाचून कौतुकाने माना डोलावणार, केवढा हा त्याग म्हणणार... आणि ज्या पोरीचा त्याग केला ती त्यातल्या वेलांट्या तपासणार.

तिला सगळं आठवत होतं. सात वर्षांची असताना सारखं पोट दुखायचं, पाय लटपटायचे. दवाखाना झाला. मग एका पिशवीत कपडे भरून आईने तिला मावशीकडे आणलं. “थोडे दिवस,” म्हणाली. ते थोडे दिवस ती नोकरीला लागेपर्यंत संपलेच नाहीत. आई दर रविवारी यायची, मांडीवर पर्स ठेवून खुर्चीच्या कडेला बसायची, “कशी आहेस?” विचारायची. “ठीक,” पोरगी म्हणायची. आजारी मूल कामात लुडबूड करतं, म्हणून ते दुसरीकडे ठेवतात, एवढं तिचं तिला कळलं होतं. ज्या घराला आपण नको तिथे परत ने म्हणून हात पसरायचा नाही, हेही तिचं तिनेच ठरवलं होतं.

ती तडक मावशीकडे गेली. मावशी ओट्याशी बसून मटार सोलत होती. लेकीने कागद तिच्यासमोर टाकला. “वाच. तुझ्या बहिणीची कीर्ती.”

मावशीने चष्मा लावला. वाचता वाचता तिचे हात थांबले.

“हे खोटं आहे,” ती म्हणाली.

“तिनेच सांगितलंय.”

“म्हणून काय झालं? तिने खोटं सांगितलंय.” मावशीने मटाराचं ताट बाजूला सरकवलं. “तुझ्या पोटात शिसं गेलं होतं. पांढऱ्या रंगातलं. ती तेव्हा चित्राआधी फळ्यांना पांढऱ्याचा हात द्यायची आणि पॉलिशकागदाने घासायची, त्या एवढ्याशा खोलीत, आणि तू तिथेच तिच्या पायाशी खेळायचीस. घरभर पीठ पडल्यासारखं असायचं. आणि कुंचल्याला टोक आणायला तो ओठात धरायचा, हे तिनेच तुला शिकवलं होतं. काय कौतुक तिला! आल्यागेल्याला दाखवायची, बघा माझी पोर कशी टोक काढते... डॉक्टर म्हणाले, पोरीला आज या घरातून हलवा, नाहीतर हाती लागणार नाही.”

लेकीने मनगट दुसऱ्या हातात धरलं.

“पांढरा तिने त्याच दिवशी टाकला,” मावशी म्हणाली. “जमीन खरवडली, भिंती धुतल्या. पुढे बिनशिशाचा पांढरा मिळायला लागला. मी म्हटलं, आता घे. म्हणाली, हात जात नाही.”

“मला का नाही सांगितलं?”

“काय सांगणार? मी तुला विष चाटायला शिकवलं म्हणून? ती म्हणायची, पोरीला वाटू दे मला काम प्यारं होतं. नुसती रागावेल. पण हे कळलं तर माझ्या हातचं पाणी पिणार नाही.”

“हे ठरवणारी ती कोण?” लेकीचा आवाज चढला. उभ्या जन्मात तो या स्वयंपाकघरात चढला नव्हता. “मी कशाची भीती बाळगायची आणि कशाचा राग धरायचा हे तिनेच वाटून दिलं? मला आई हवी होती मावशी, आईची कारणं नको होती! आणि घर धुतलं होतं ना? मग? घर धुतल्यावर कुणी आलं का मला न्यायला?”

मावशीने शेंगांचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.

“आली होती,” ती अगदी हळू म्हणाली. “वर्षही झालं नव्हतं. तुझ्यासाठी नवीन खाट घेतली होती. तू शाळेत होतीस. मी तिला म्हटलं, पोर इथे रुळलीय, तुझं नाव काढत नाही, आता पुन्हा उपटून नेऊ नकोस.”

“मी नाव काढत नव्हते?”

“नव्हतीस. तेवढं खोटं नव्हतं.”

“आणि ती ऐकून परत गेली?”

“म्हणाली, पोरीला एकदा घरी यायचं म्हणू दे, मग मी कुणाचं ऐकणार नाही. म्हणून दर रविवारी यायची. वाट बघत बसायची, कधी म्हणतेस म्हणून. आणि मी...” मावशीचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. “मी दर रविवारच्या आदल्या दिवसापासून तुला काहीतरी आवडीचं करून घालायची. तू म्हणू नयेस म्हणून. मला मूल हवं होतं गं. आणि तू इतकी गुणी होतीस...”

लेक उठली. खुर्ची मागे भिंतीला आपटली. आपल्या आजारपणात उशाशी बसलेली, केस विंचरणारी, परीक्षेला सोडायला येणारी ही बाई... हिच्यावर ओरडावं की हिला धरून रडावं हे तिला कळेना, आणि न कळण्याचाच राग अनावर झाला.

“तुम्ही दोघींनी मिळून माझं बालपण वाटून घेतलंत,” ती म्हणाली. “एकीने लाजेखातर सोडलं आणि दुसरीने हौसेखातर ठेवलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.”

“खरं काय ते छाप,” मावशी म्हणाली. “माझं नाव घालून छाप. तिच्यावर आळ नको.”

“छापायचं काय ते मी बघेन.” लेकीने कागद उचलला आणि पेन्सिलीने ‘मातृत्वाचा’पासून ‘काम करायचं होतं’पर्यंत सगळा मजकूर इतक्या जोरात खोडला की कागद फाटला. मग पर्स घेतली. “मी तिच्या घरी चाललेय. उद्या चित्रं न्यायला येणार आहेत.”

“मी येते.”

“नको.”

मावशी तरीही आली. आईच्या घराचा जिना उभा होता. लेक ताडताड वर गेली आणि दाराशी पोचल्यावर तिला खालून मावशीचा धापा टाकल्याचा आवाज आला. ती क्षणभर दात आवळून उभी राहिली. मग उतरली आणि मावशीच्या काखेत हात घालून तिला एकेक पायरी वर आणलं. राग तसूभरही कमी झाला नव्हता. तो तसाच होता, आणि हातही तसाच घट्ट होता.

खोलीत फळ्या भिंतीकडे तोंड करून रांगेने उभ्या होत्या. लेक एकेक वळवत गेली. खाट. पुन्हा खाट, खिडकीखाली. पुन्हा तीच, भिंतीचा रंग बदललेला, बाहेरचं झाड मोठं झालेलं. समीक्षकाने यांना ‘वैधव्याची शेज’ म्हटलं होतं. पण खाट आखूड होती. मोठ्या माणसाचे पाय तिच्यावर मावले नसते... उशी आणि चादर प्रत्येक वेळी कोऱ्या लाकडाची. सुरकुत्या, दुमडलेला कोपरा, सगळं कडेच्या रंगांनी दाखवलेलं, आणि आत काही नाही. वर्षानुवर्षं आईने ती खाट अंथरून ठेवली होती आणि तिच्यावर रंगाचा एक थेंब पडू दिला नव्हता.

मावशी दारातच थांबली होती. लेक गुडघे टेकून जमिनीवर बसली, शेवटच्या फळीसमोर, आणि कोऱ्या लाकडावर तिने तळहात ठेवला. या वेळी ती ‘ठीक’ म्हणाली नाही. ती बोलली तेव्हा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, इतका तो कोवळा आणि संतापलेला होता.

“आई, मला घरी यायचं होतं. दर रविवारी मला तुझ्याबरोबर घरी यायचं होतं.”