फिल्मच्या काठावरचे आकडे

“जरा बाजूला होता का?”

“का बरं?”

असा प्रतिप्रश्न येईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हते. समुद्रालगतच्या रस्त्यावर भल्या सकाळी कॅमेरा डोळ्याला लावून उभ्या असलेल्या मुलीने बाजूला व्हायला सांगितले, की माणसे ओशाळून, हसून, निदान कपाळाला आठी घालून तरी बाजूला होतात. हा गृहस्थ मात्र दगडी कठडा आपल्याला आंदण मिळाल्यासारखा त्यावर पाय सोडून बसून राहिला. हातातल्या कागदी पेल्यातून त्याने चहाचा एक घोट घेतला... आणि तोही सावकाश.

“फोटो काढायचाय मला. समुद्राचा.”

“समुद्र पुष्कळ आहे हो. थोडा माझ्या डावीकडे आहे, थोडा उजवीकडे.”

“मला मधला हवाय!”

“मधला घ्या की. पण मी उठलो तर मागचा, खालच्या धक्क्यावरचा विजेचा खांब दिसायला लागेल. मी बसलोय म्हणून झाकलाय तो.”

तिने कॅमेरा खाली घेऊन, मान वाकडी करून पाहिले. खांब होता. चांगला जाडजूड, वर तारांचे जंजाळ मिरवणारा. तिला राग आला. खांब तिथे असल्याचा नव्हे. तो आपल्याआधी दुसऱ्याला दिसल्याचा.

हा राग समजून घ्यायचा तर तिचे काम ठाऊक हवे. मामांच्या छापखान्यात ती मुद्रितशोधक होती. जाहिरातपत्रकापासून जाडजूड कोशापर्यंत जे जे छापले जाई, त्यातली चूक तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि सुटत नाही याचा तिला अभिमानही होता. थोडका नव्हे, चांगला घसघशीत. छापखान्याचे दर वर्षी एक कॅलेंडर निघे. त्यावर विकत आणलेली तीच चित्रे: तोच केशरी सूर्यास्त, तीच एकटी होडी. यंदा ती हट्टाला पेटली, की चित्रे मी काढणार. मामा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले होते, “अगं, दुसऱ्याच्या चुका काढणं वेगळं आणि स्वतः काही काढणं वेगळं. तुझा पिंड लाल पेनाचा. बरं, दोन दिवस देतो. नाही जमलं तर आपला सूर्यास्त कुठे पळून जात नाही.”

ते वाक्य तिच्या मनात माशाच्या काट्यासारखे अडकून बसले होते. म्हणूनच बाबांचा जुना, फिल्मचा कॅमेरा गळ्यात अडकवून ती या अनोळखी शहरात आली होती. उद्या दुपारच्या बसने तिला परतायचे होते, आणि मामांचे म्हणणे खोटे पाडायला तेवढाच अवधी होता.

“कुठे कुठे जाणार?” कठड्यावरच्या माणसाने विचारले.

तिने मोबाइल पुढे केला. ‘या शहरातल्या दहा अप्रतिम जागा’ असा मथळा होता. त्याने वाचले आणि तो मनापासून हसला.

“या दहाही जागांवर उभं करून मी हजारो माणसांचे फोटो काढलेत. सगळ्यांचे सारखेच येतात. फक्त कपडे बदलतात.”

“म्हणजे तुम्ही फोटोग्राफर?”

“तो समोरचा स्टुडिओ आमचा. दिवसभर पासपोर्टचे फोटो. ‘हनुवटी खाली, मान सरळ, हसू नका.’ म्हणून सकाळी इथे येऊन बसतो. समुद्राला काही सांगावं लागत नाही.” तो उठला. “चला, जागा दाखवतो. नाही आवडल्या तर तुमच्या दहा आहेतच.”

स्टुडिओच्या पायरीवर तिने रोल भरायला घेतला. आधी रिकाम्या कॅमेऱ्यातून चौकट पाहायची आणि मगच फिल्म भरायची, ही तिची शिस्त. परंतु वारा सुटला होता, केस डोळ्यांवर येत होते, आणि तो दाराला टेकून बघत होता. फिल्मच्या कडेची भोके कॅमेऱ्यातल्या बारीक दात्यांवर नीट बसली की नाही, हे एरवी तिने दोनदा तपासले असते. त्या सकाळी एकदाच पाहून तिने झाकण लावले. हे वाचकाने ध्यानात ठेवावे. तिने ठेवले नाही.

“बसली का नीट?” त्याने विचारले.

“अहो, माझ्या हातून चूक सुटत नाही. धंदाच तो आहे माझा.”

“राहिलं बाई!” तो हात जोडत म्हणाला.

आतून त्याची वहिनी बाहेर आली. गल्ला आणि गिऱ्हाइके तीच सांभाळत असे. “भावजी, शनिवारची गर्दी असते आणि तुम्ही निघालात कुठे?”

“वहिनी, पाहुण्या आहेत.”

“कुणाच्या?”

“शहराच्या.”

“असं होय!” वहिनीने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि गालातल्या गालात हसली. “शहराचे पाहुणे याआधी कधी दिसले नाहीत तुम्हाला. जा, जा. ‘हनुवटी खाली, मान सरळ’ मलाही म्हणता येतं.”

त्यानंतरचा दिवस वादात गेला, आणि फार सुखाचा गेला.

पहिल्यांदा त्याने तिला एका केशकर्तनालयात नेले. “मला समुद्र हवाय!” ती कुरकुरली. “पाठ करा समुद्राकडे,” तो म्हणाला. तिने पाठ केली, आणि समोरच्या लांबलचक आरशात, साबणाचा फेस लावून बसलेल्या तीन गिऱ्हाइकांच्या डोक्यांवर, अख्खा समुद्र टांगलेला दिसला. मग होड्यांना रंग द्यायच्या आवारात एका उलथ्या होडीच्या पोटावर ओला काळा रंग असा चकाकत होता, की वरून जाणारे पक्षी त्यात पोहत होते. मग एक उभ्या चढणीची गल्ली आली. वरच्या टोकाला उभे राहिले, की खालच्या टोकाशी रस्ता संपून एकदम पाणीच दिसे. जाणारे जहाज जणू दोन घरांच्या मधून, वाळत घातलेल्या चादरींच्या मागून, रस्ता ओलांडी.

“ही जागा त्या दहांत का नाही?” तिने श्वास रोखून विचारले.

“कारण ही जागा नाही. ही वाट बघणं आहे. जहाज आलं तर जागा, नाही तर नुसता चढ.”

“हे काही पटत नाही. जागा ती जागाच. जहाज असो वा नसो.”

“मग नसताना काढा फोटो.”

“...आलं की सांगा,” ती म्हणाली, आणि दोघेही हसले.

प्रत्येक जागी तो आपसूक चौकटीत शिरे आणि ती त्याला हुसकावून लावी. “समुद्र केवढा मोठा आहे, हे कळायला फोटोत एक माणूस लागतो,” असा त्याचा सिद्धान्त होता. “माणूस लागतो, तुम्हीच कशाला?” असा तिचा सवाल होता. दुपारी एका भिंतीच्या सावलीत बसून दोघांनी एकच कलिंगड खाल्ले, तेव्हा तिने काळ्यापांढऱ्या कॅलेंडरचा बेत सांगितला.

“मामा काय म्हणाले?”

“म्हणाले, गिऱ्हाइकांना वाटेल छापखान्याची शाई संपली.”

तो इतका हसला, की त्याच्या सदऱ्यावर लाल ओघळ आला. तो तिने स्वतःच्या रुमालाने पुसला, आणि पुसून झाल्यावर आपण काय केले हे लक्षात येऊन ती कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी उगाचच चाळा करत बसली.

उन्हे कलली तेव्हा दोघे जुन्या बंधाऱ्याच्या टोकाशी पोहोचले होते. पाणी जस्तासारखे झाले होते. तिने छत्तिसावे चित्र घेतले. रोल छत्तीस चित्रांचा; आता फिल्म संपून ती पुढे सरकवायची कळ अडायला हवी होती. कळ अडली नाही. तिने पुन्हा ओढली... सदतीस. पुन्हा... अडतीस.



तिने डावीकडची छोटी चक्री बोटाने हलवून पाहिली. फिल्म सरकत असली, की कळीबरोबर ही चक्री फिरते. ती दिवसभर फिरलीच नव्हती. फिल्म दात्यांवर बसलीच नव्हती. आरसा नाही, होडी नाही, गल्लीतून जाणारे जहाज नाही. दिवसभर तिने कॅमेऱ्याचा नुसता आवाज ऐकला होता.

“संपला रोल?” त्याने मागून विचारले. “आणा इकडे. आत्ताच धुऊन टाकतो.”

“नको... घरी गेल्यावर बघेन.”

“काय राहिलं ते आज कळलं तर उद्या सकाळी काढता येईल. आणा.”

आता सांगावे, असे तिला वाटले. ओठांपर्यंत शब्द आलेही. पण त्याच ओठांनी सकाळी काय बोलून झाले होते! या माणसाने शनिवारचा धंदा सोडून तिला स्वतःच्या ठेवणीतल्या जागा दाखवल्या होत्या. मामांचे वाक्य आता त्याच्याही चेहऱ्यावर वाचावे लागणार होते, आणि मामांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते तिला जड वाटले. का जड वाटले, या प्रश्नाकडे तिने त्या वेळी पाठ फिरवली. मुकाट्याने रोल गुंडाळून तिने त्याच्या हातावर ठेवला.

“सावकाश करा,” एवढेच तिला म्हणता आले.

डार्करूमच्या दारावरचा लाल दिवा लागला. बाहेरच्या बाकावर ती बसून राहिली. वहिनीने चहा आणला, बिस्किटे आणली.

“तुम्ही चुका शोधता म्हणे? आमच्या भावजींच्या शोधून द्या की. मला एवढ्या वर्षांत एकच सापडली.”

“कोणती?”

“बोलायचं तेव्हा बोलत नाहीत.”

तिने बिस्कीट चहात बुडवले. ते विरघळून तळाशी गेले तरी तिचे लक्ष नव्हते. लाल दिवा विझला. दार उघडले. तो बाहेर आला तो मान खाली घालून, ओले हात पंच्याने पुशीत.

“माझी चूक झाली,” तो म्हणाला. “बाटल्यांची अदलाबदल झाली. आधी चित्र उमटवणारा डेव्हलपर घालायचा, मी सगळं धुऊन काढणारा फिक्सर घातला. फिल्म कोरी झाली. तुमचं एकही चित्र... राहिलं नाही.”

“अहो भावजी!” वहिनी ओरडली. “असं आजवर कधी झालं नाही!”

“आज झालं.”

तिच्या छातीवरची शिळाच कुणी उचलली. सुटले! कुणाला काही कळणार नव्हते. परंतु ही सुटका एका श्वासापुरतीच टिकली; तो बिचारा तिच्या चुकीचे ओझे स्वतःच्या डोक्यावर घेऊन उभा होता, आणि तेही खरे समजून.

खरेच?

“बघू मला,” ती म्हणाली.

“काय बघायचंय त्यात? कोरी आहे.”

ती आत गेलीच. दोरीला चिमट्याने टांगलेली फिल्म संथपणे हलत होती, काचेसारखी नितळ. दुसऱ्या कुणी मधल्या रिकाम्या चौकटी पाहिल्या असत्या. मुद्रितशोधकाची नजर मात्र आधी समासावर जाते. फिल्मच्या काठावर, भोकांच्या बाजूला, बारीक काळे आकडे ओळीने उभे होते. कारखान्यातच छुप्या रूपात छापलेले हे आकडे डेव्हलपरने आपले काम चोख केले तरच उमटतात. फिक्सर आधी पडला असता, तर काठही कोरेच राहिले असते.

बाटल्यांची अदलाबदल झालीच नव्हती. फिल्म उत्तम धुतली गेली होती. तिच्यावर काही नव्हते, कारण कधी काही आलेच नव्हते; आणि हे त्याला पुरते कळले होते.

“आकडे छान उमटलेत,” ती हळूच म्हणाली.

“कुठले?” त्याने चिमटे गोळा करता करता विचारले.

“काठावरचे.”

बाहेर वहिनी एकाएकी मोठ्याने म्हणाली, “मी जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येते बाई,” आणि तिच्या चपलांचा आवाज दूर गेला.

“समास कोण बघतं हो?” तो पुटपुटला.

“मी बघते. आणि मला बंधाऱ्यावरच कळलं होतं. चक्री फिरत नव्हती.” ती फिल्मपासून त्याच्याकडे वळली. “मी सांगितलं नाही. माझी चूक तुम्ही अंगावर घेतलीत आणि मी घेऊ देणार होते. का केलंत असं?”

त्याने हातातल्या पंच्याला पीळ दिला.

“तुम्ही चुकीकडे कसं बघता, ते दिवसभर पाहिलंय मी. खांबाकडे बघितलंत, दुकानाच्या पाटीवरच्या अशुद्ध अक्षरांकडे बघितलंत... ती नजर तुम्ही स्वतःकडे वळवलेली मला बघवली नसती.” मग किंचित हसून, “शिवाय चूक माझी ठरली असती, तर भरपाई म्हणून उद्याची सकाळ देता आली असती.”

“भरपाई मागायची असते. ज्याचं नुकसान झालंय त्याने.”

“मग मागा ना.”

ती हसली. हसता हसता डोळे पुसू लागली, पुसता पुसता पुन्हा हसू लागली. दिवसभरात पहिल्यांदाच तिला कशाचीही भीती वाटत नव्हती. ना मामांची, ना लाल पेनाची, ना या माणसाच्या नजरेची.

“सकाळ कशी पुरेल?” ती म्हणाली. “जागा पुष्कळ आहेत. मला पुन्हा यावं लागेल... आणि त्या वेळी बोलायचं तेव्हा बोललं पाहिजे. वहिनींची तक्रार आहे.”

“आत्ताच बोलतो की. दर वेळी जाताना तुम्ही... तू... परत कधी येणार, हे आधी सांगून जायचं. म्हणजे मला वाट बघायला सोपं जाईल. जहाजासारखं.”

“जहाज नाही आलं, तर नुसता चढ ना?” तिने विचारले.

“नुसता चढ,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, ऊन कोवळे असताना, दोघे त्या गल्लीच्या वरच्या टोकाला उभे होते. नवा रोल तिनेच भरला. एकदा तपासला, दोनदा तपासला, मग झाकण लावण्याआधी कॅमेरा त्याच्यापुढे धरला.

“तू पण बघ. माझ्या हातून चूक सुटते.”

त्याने पाहिले आणि मान डोलावली. मग सवयीने बाजूला होऊ लागला.

“कुठे चाललास? खाली जा. त्या चादरींच्या जवळ उभा राहा.”

“मी? कॅलेंडरवर? मामा विचारतील, हा कोण म्हणून.”

“सांगेन. समुद्र केवढा मोठा आहे, हे कळायला फोटोत एक माणूस लागतो.”

“माणूस लागतो, मीच कशाला?”

तिने कॅमेरा डोळ्याला लावला. तो चढ उतरून चादरींपाशी उभा राहिला. हनुवटी वर, मान वाकडी, आणि तोंडभर हसू. दोन घरांच्या मधून एका जहाजाचे नाक हलकेच पुढे आले. तिने बटण दाबले, कळ ओढली.

आणि डाव्या हाताच्या बोटाखाली ती छोटी चक्री फिरली.